विद्यार्थी मोर्चा आणि नाशिकच्या जागा: कुठे जायचं, परवानगी कोणाची, आणि गाडं अडतं कुठे

गोदाकाठ (धागाकर्ता)

शिष्यवृत्ती असो, निकाल असो, वसतिगृह असो, नाशिकमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा म्हटला की पाय आपोआप सीबीएसकडे, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडे वळतात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकाशी घोषणा, पाच जणांचं शिष्टमंडळ आत, निवेदन, फोटो आणि पांगापांग. ते निवेदन मग 'पुढील उचित कार्यवाहीसाठी' दुसऱ्या खात्याकडे जातं आणि तिथे पडून राहतं. म्हणून हा धागा. ज्यांना या कामाची नेमकी माहिती आहे त्यांनी इथे लिहावं. पक्ष-संघटनांची उणीदुणी नकोत.

सुरुवात जागेपासून. मागणी ज्याच्या सहीने सुटते त्याच्या दारात जायचं. या बाबतीत आपलं शहर वेगळं आहे, कारण राज्यभराची दोन-तीन मोठी कार्यालयं इथेच आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय गडकरी चौकाजवळच्या आदिवासी विकास भवनात आहे. नंदुरबारच्या वसतिगृहाचा प्रश्न असो की गडचिरोलीच्या आश्रमशाळेचा, फाईल इथे येते. एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरलं. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून पायी निघाले तेही नाशिककडेच, मंत्रालयाकडे नव्हे. त्यांचा हिशेब बरोबर होता.

वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग अशा सगळ्या विद्यार्थ्यांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे. मुक्त विद्यापीठ गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या बाजूला. या दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारा समोर असतो, पण रस्त्यावर बघणारं कोणी नसतं. सीबीएसला नेमकं उलटं: बघणारे हजारो, निर्णय घेणारा मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाशिकला उपकेंद्र आहे खरं, पण परीक्षेचा निर्णय पुण्यात होतो. उपकेंद्र निवेदन पुढे पाठवतं, इतकंच. ही फारकत आधी डोक्यात पक्की हवी. नाहीतर उन्हात चारशे पोरं उभी राहतात आणि कागद चुकीच्या टेबलावर पडतो.

जमायच्या जागा: बी. डी. भालेकर मैदान, गोल्फ क्लब म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, शेजारचं ईदगाह मैदान, आणि छोट्या बैठकीसाठी सीबीएसजवळचं हुतात्मा स्मारक. गोल्फ क्लबवर सामना किंवा प्रदर्शन असलं की तो मार्ग बंद, हे तारीख ठरवण्याआधी बघा.

---

कलम_एकोणीस

चांगला धागा. मी फक्त मनाई आदेशाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

'शहरात जमावबंदी आहे' असं जे ऐकू येतं ते बहुतेकदा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४ (आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३) नसतं. तो असतो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा आदेश. नाशिकला आयुक्तालय असल्याने शहराच्या हद्दीत तो आयुक्तालयातून निघतो, ग्रामीण हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून. सण, निवडणूक, जयंती, परीक्षा अशी कारणं देऊन आदेश निघतात आणि एक संपला की दुसरा येतो.

यातली दोन पोटकलमं वेगळी वाचा. ३७(१) वस्तू आणि कृतींबद्दल आहे. त्यात शस्त्रं, दगड, दाहक पदार्थ यांच्या जोडीला काठ्या-लाठ्याही आहेत. म्हणजे झेंड्याचा बांबूसुद्धा त्यात बसवता येतो. व्यक्तींच्या प्रतिमा किंवा पुतळे यांचं प्रदर्शनही त्यातच येतं. पुतळा जाळणं, तिरडी काढणं हे प्रकार मोर्चाला परवानगी असूनही स्वतंत्र गुन्हा ठरू शकतात ते यामुळे. ३७(३) मात्र थेट जमाव आणि मिरवणुकीबद्दल आहे आणि राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय असा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून आदेशाची प्रत मागा. तारीख कोणती ते पाहा. पोटकलम १ लागू आहे की ३, आणि परवानगी घेऊन जमायला त्यात सूट आहे का, तेही पाहा. बऱ्याच आदेशांत ती सूट लिहिलेली असते, पण तोंडी सांगताना ती गाळली जाते.

आता हक्काची बाजू. संविधानाचं १९(१)(ख) शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा अधिकार देतं, १९(३) वाजवी निर्बंधांना वाव देतं. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचा पायाभूत निकाल आहे हिंमतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद. प्रकरण मुळात विद्यार्थ्यांचंच: १९६९ मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी संपाच्या संदर्भात अहमदाबादेत पांच कुवा दरवाजाजवळ सभा घ्यायची होती, ती नाकारली गेली. कायदाही हाच, तेव्हाचा मुंबई पोलीस अधिनियम. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये सांगितलं की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येतं, पण कोणत्याही निकषाशिवाय नाकारण्याचा बेलगाम अधिकार अधिकाऱ्याला देणारा नियम टिकत नाही. तो नियम रद्द झाला.

त्याहून आपल्या जवळचा निकाल फेब्रुवारी २०२० चा. माजलगावच्या ईदगाह मैदानावरच्या धरण्याला बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कलम ३७ च्या आदेशावर बोट ठेवून परवानगी नाकारली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेशच रद्द केला. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो, पण उच्च न्यायालय एकच असल्याने हा निकाल इथे दाखवता येतो.

---

पहिलं_वर्ष_बीए

प्रश्न: अर्जात 'परवानगी मिळावी' लिहायचं की 'कळवत आहोत' लिहायचं? दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळे सल्ले मिळाले आहेत.

---

कलम_एकोणीस

ध्वनिक्षेपक, मंडप, मिरवणूक यांना परवानगी लागते, तिथे 'परवानगी मिळावी'. निवेदन द्यायला दहा जण जाणार असतील तर साधी पूर्वसूचना पुरते. मिश्र कार्यक्रम असेल तर एकाच अर्जात दोन परिच्छेद करा.

अर्ज तीन प्रतींत: मोर्चा जिथून निघतो त्या पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक, आयुक्तालयातली विशेष शाखा आणि शहर वाहतूक शाखा. मार्ग दोन-तीन ठाण्यांच्या हद्दीतून जात असेल तर त्या प्रत्येकाला प्रत. निदान आठ दिवस आधी द्या. अर्जात तारीख, जमण्याची आणि संपण्याची वेळ, चौकवार मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपकाचा प्रकार, स्वयंसेवकांची संख्या आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावं हवीत. संख्या फुगवू नका. 'पाच हजार' लिहिलं की बंदोबस्त पाच हजारांचा लागतो, आणि 'मनुष्यबळ उपलब्ध नाही' हे नकाराचं कारण तुम्हीच त्यांच्या हातात देता.

पोच घेताना नुसती सही नको. शिक्का, तारीख, वेळ आणि आवक क्रमांक (आलेल्या टपालाच्या नोंदीचा) घ्या. तोंडी नकार आला तर त्याच दिवशी 'आज अमुक वाजता तोंडी नकार कळवण्यात आला, लेखी कारणं मिळावीत' असं पत्र आवकला लावा. लेखी नकार हातात असल्याशिवाय न्यायालयात जाताना फार अडचण होते. आणि नकार आदल्या रात्री देण्याची पद्धत आहे. आठ दिवसांची मुदत त्यासाठीच सांगितली.

मोर्चाच्या आधी नोटीस येईल, पूर्वी १४९ ची म्हणत, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची. ती घ्यायला नकार देऊ नका. 'प्रत मिळाली' लिहून तारीख-वेळ टाका. नोटीस स्वीकारणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. पण ती नीट वाचा, कारण पुढे गुन्हा दाखल झाला तर 'यांना आधी समज दिली होती' यासाठी तोच कागद लावला जातो.

---

सातपूरकर

मार्गाबद्दल लिहितो. नेहमीचा रस्ता म्हणजे भालेकर मैदान, शालिमार, महात्मा गांधी रोड, मेहेर सिग्नल, जिल्हाधिकारी कार्यालय. अंतर कमी, पण महात्मा गांधी रोड अरुंद आणि दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या. पुढे त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड. त्यात पदपथ रुंद झाला, ते चालणाऱ्यांच्या दृष्टीने बरंच झालं, पण मधला डांबरी पट्टा मोजका उरला. पूर्वी फाटकासमोर पसरून उभं राहता यायचं, आता तेवढ्याच लोकांनी रस्ता पूर्ण अडतो. जागेचा आराखडा बदलला की आंदोलनाचा आकारही बदलतो. हे आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हाच सांगायला हवं असतं. तेव्हा विद्यार्थी संघटनांपैकी कोणी जात नाही.

गणित असं. चारची रांग, दोन रांगांत दीड मीटर अंतर. १००० जणांच्या २५० रांगा, म्हणजे मोर्चाची लांबी ३७५ मीटर. स्मार्ट रोडचा एक तृतीयांश तुम्हीच व्यापता. घोषणा देत चालण्याचा वेग ताशी ३ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. एक चौक ओलांडायला साडेसात मिनिटं लागतात. वाहतूक शाखेला हा आकडा अर्जातच दिलात तर चर्चेचा सूर बदलतो, कारण त्यांना नेमकं हेच ठरवायचं असतं. चारच्या रांगेला साधारण ३ मीटर रुंदी लागते, म्हणजे एक मार्गिका. आठची रांग केली तर लांबी निम्मी होते, पण दोन मार्गिका जातात आणि रुग्णवाहिकेला जागा उरत नाही. जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडलाच आहे, हे विसरून चालत नाही. दर ५० रांगांनंतर पाच-सहा मीटरची मोकळी जागा ठेवा, रुग्णवाहिका आली की तिथून आडवी काढायची.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा मागच्या टोकाला. पुढचे जोशात भराभर चालतात, मागचे ताणले जातात, मध्ये पोकळी पडते. त्या पोकळीत एखादा दुचाकीस्वार घुसतो, धक्का लागतो, बाचाबाची होते आणि दुसऱ्या दिवशी बातमी त्याच बाचाबाचीची होते. उपाय साधा आहे. सगळ्यात हळू चालणारे पुढे ठेवायचे. पुढे एक शिट्टीवाला, मागे एक. मागच्याने दोनदा वाजवली की पुढच्याने थांबायचं. २५ जणांमागे एक स्वयंसेवक धरला तर हजाराला ४०, शिवाय चौकांसाठी वेगळे दहा. दंडाला एकाच रंगाची फीत. कडेने सुती दोर धरायचा. नायलॉनचा नको, ओढाताणीत तळहात सोलतो.

झेंड्यासाठी बांबू नको हे वर आलंच आहे. अर्ध्या इंची पोकळ प्लास्टिकचा पाईप चालतो, किंवा कापडी फलक दोघांनी हातात धरायचा. फ्लेक्सला वाऱ्यासाठी चार-पाच भोकं पाडा, नाहीतर पंडित कॉलनीच्या कोपऱ्यावर वारा भरला की फलक पालासारखा फुगतो आणि धरणारे मागे ओढले जातात.

---

भोंगा

आवाजावर दोन ओळी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि न्यायालय, रुग्णालय, शिक्षणसंस्था यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद आहे. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच जिल्हा न्यायालय आहे. म्हणजे आपली सगळ्यात लोकप्रिय जागा आवाजाच्या दृष्टीने सगळ्यात अडचणीची. शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, आणि साधं बोलणंच ६० च्या आसपास जातं.

तेव्हा मोठे भाषण मैदानावर उरकून घ्या. फाटकाशी फक्त हातातला मेगाफोन, तोही कार्यालयाकडे तोंड करून, न्यायालयाकडे नव्हे. जास्त चांगली पद्धत म्हणजे बोलणाऱ्याने पाच-सहा शब्दांचं वाक्य म्हणायचं आणि पुढच्या शंभर जणांनी ते मागच्यांसाठी उचलायचं. यंत्र लागत नाही, परवानगी लागत नाही, शिवाय मुद्दा सगळ्यांच्या तोंडी बसतो. वाक्य लांबलं की मात्र साखळी तुटते.

ड्रोन उडवू नका. देवळालीच्या लष्करी आस्थापनांमुळे आपल्याकडे त्याबद्दल कडक आदेश असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून फोटो घ्यावा.

---

रविवार_कारंजा

सगळं पटतंय, पण एक मूलभूत हरकत नोंदवतो. आपण इथे परवानगीचं आंदोलन शिकवतो आहोत. नेमून दिलेल्या मैदानात, नेमून दिलेल्या वेळेत, कोणाला त्रास न होता घोषणा द्यायच्या असतील तर सरकारने लक्ष का द्यावं? गोल्फ क्लबच्या आत पाचशे जण बसले तर बाहेर त्र्यंबक रोडवरच्या माणसाला पत्तासुद्धा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० च्या, दिल्लीतल्या शाहीन बागेच्या रस्त्यावरच्या धरण्याबद्दलच्या निकालात निदर्शनं ठरलेल्या जागीच व्हावीत असं म्हटलं, तेव्हापासून 'ठरलेली जागा' हा शब्द प्रत्येक नकारपत्रात दिसतो. ठरलेली जागा म्हणजे हळूहळू शहराबाहेरची जागा.

आणि विद्यार्थ्यांकडे दुसरा मार्ग तरी कुठे आहे? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयातल्या थेट निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९९ ने त्या कागदावर परत आणल्या, पण मतदान काही झालं नाही. निवडलेला प्रतिनिधी नाही, म्हणून फाटकाबाहेर उभं राहावं लागतं. मेसच्या बिलासारखी गोष्टही रस्त्यावर येते ती यामुळेच. अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात डिसेंबर १९७३ मध्ये भडका उडाला तो वसतिगृहाच्या जेवणाच्या दरवाढीवरून, आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. ते काही नेमून दिलेल्या मैदानात घडलं नव्हतं.

---

गोदाकाठ

हरकत योग्य आहे, पण 'दिसणं' आणि 'अडवणं' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातला फरक याच गावाने दाखवला आहे.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह बघा. २ मार्च १९३० ला मोठी मिरवणूक निघाली, दरवाजे बंद मिळाले. पुढच्या दिवसापासून काय केलं? मंदिराच्या चारही दरवाजांवर तुकड्या बसवल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. हजारोंची गर्दी रोज रस्त्यावर ठेवली नाही, तर थोडे लोक नेमक्या जागी बसवले आणि पाळ्या लावल्या. दादासाहेब गायकवाडांच्या व्यवस्थापनावर हे पुढे काही वर्षं चाललं. जागा होती अन्यायाच्या अगदी दारातली, पण माणसं मोजून.

दुसरं उदाहरण २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च. ६ मार्चला सीबीएसवरून निघाला, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला आझाद मैदानात. मुंबईत शेवटचा टप्पा दिवसा चालले असते तर दहावीच्या परीक्षेला जाणारी मुलं अडकली असती, म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीतूनच निघाले. त्या एका निर्णयाने मुंबईकर पाणी-बिस्किटं घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रस्ता वापरला, आणि तरी तो कोणाचा हिरावून घेतला नाही.

---

रविवार_कारंजा

काळारामाचं उदाहरण मान्य. पण तेही परवानगी घेऊन झालं नव्हतं, एवढं धाग्यात नोंद असू द्या. हक्क आधी असतो, परवानगी नंतर येते. शाहीन बागेच्या निकालातही विरोधाचा हक्क नाकारलेला नाही, बेमुदत रस्ता अडवून ठेवण्याला नकार आहे. नकारपत्रात अर्धंच वाक्य उद्धृत होतं.

---

कलम_एकोणीस

@रविवार_कारंजा, सहमत. जोडीला २३ जुलै २०१८ चा मजदूर किसान शक्ती संघटनेचा निकालही ठेवा. दिल्लीच्या जंतर मंतरवर निदर्शनांना सरसकट बंदी टिकणार नाही, नियमावली करा, असं त्यात आहे. आणि १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल: १४४ चा आदेश काढताना त्यामागची वस्तुस्थिती लिहायला हवी, तो प्रसिद्ध व्हायला हवा, आणि कायदेशीर मतप्रदर्शन दडपायला तो वापरता येत नाही.

महाविद्यालयाचं आवार हा मात्र सार्वजनिक रस्ता नव्हे. तिथे संस्थेची शिस्त लागू होते. हॉल तिकीट अडवणं, जादा शुल्क, कागदपत्रं परत न देणं अशा तक्रारींसाठी २०२३ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल हवा. समितीला १५ कामकाजाचे दिवस आहेत. आधी तिथे लेखी तक्रार करा. समितीच नेमलेली नसेल तर तो मुद्दा निवेदनात पहिल्या क्रमांकावर घ्या, त्याला उत्तर देणं संस्थेला अवघड जातं.

---

पहिलं_वर्ष_बीए

ताब्यात घेतलं तर पुढे नोकरीला अडचण येते का? स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या घरी सगळ्यात मोठी भीती हीच असते.

---

कलम_एकोणीस

तीन पायऱ्या आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका.

पहिली, पोलीस अधिनियमाचं ६८ आणि ६९. पोलिसांची वाजवी सूचना पाळणं बंधनकारक, न पाळणाऱ्याला बाजूला करता येतं आणि प्रसंग संपल्यावर सोडता येतं. गाडीत बसवून कवायत मैदानावर नेतात, नावं लिहून घेतात, संध्याकाळी सोडतात ते हे. यात गुन्हा दाखल झालेला नसतो.

दुसरी, प्रतिबंधात्मक अटक: नागरिक सुरक्षा संहितेचं १७०, जुनं १५१. यात २४ तासांची मर्यादा आहे.

तिसरी, प्रत्यक्ष गुन्हा. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) १८९ बेकायदा जमावाचं, त्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात. २२३ म्हणजे जुनं १८८, आदेशाचं उल्लंघन. त्यात न्यायालयाला दखल घ्यायला संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. सोबत पोलीस अधिनियमाचं १३५, मनाई आदेश मोडल्याच्या शिक्षेचं. सोडताना कोणत्या कागदावर सही घेतली आणि त्यावर कोणतं कलम आहे ते तिथेच वाचा आणि लिहून आणा. अनेकांना वर्षभराने समन्स आल्यावर कळतं की आपल्यावर खटला आहे. अटक झाल्यास कारण सांगणं (४७), नातेवाइकाला कळवणं (४८) आणि वकिलाची भेट (३८) हे हक्क आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रियांना अपवादात्मक परिस्थितीतच अटक होते, तीही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं १८ च्या आतली असतात. त्यांना बाल न्याय कायदा लागू होतो, कोठडीत ठेवता येत नाही. संयोजकांनी त्यांची वेगळी यादी पालकांच्या फोनसह स्वतःजवळ ठेवावी.

नोकरीचं: साक्षांकन नमुन्यात (नियुक्तीच्या वेळी भरून घेतात तो अर्ज) विचारलेलं खरं लिहा. लपवणं हेच बहुतेकांना नडतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल या विषयातला मुख्य आहे. तरुण वयात घोषणा देण्यासारखं किरकोळ प्रकरण असेल तर नियुक्ती देणाऱ्याला स्वविवेकाने त्याकडे दुर्लक्ष करता येतं, असं त्यात स्पष्ट उदाहरण आहे. शिवाय सामाजिक-राजकीय आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय राज्यात वेळोवेळी निघाले आहेत. त्यातल्या दोन अटी पाठ असाव्यात: जीवितहानी नको, आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नको. एक दगड, एक फुटलेली बस, आणि सगळ्यांचा हा मार्ग बंद होतो. खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती दोन्ही लागतात (संहितेचं ३६०). शासन निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असं समजून तारखेला गैरहजर राहू नका, वॉरंट निघतं.

---

तापमापी

उपोषणाबद्दल कोणी लिहिलं नाही. आमरण उपोषणाची घोषणा करण्याआधी न्याय संहितेचं २२६ वाचा. सरकारी नोकराला काही करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न हा त्यात गुन्हा आहे. त्यामुळे निवेदनात 'आत्मदहन', 'प्राणत्याग' असले शब्द तर अजिबात नकोत. साखळी उपोषण विद्यार्थ्यांना जास्त झेपतं: रोज सात जण, २४ तास, मग दुसरे सात.

बसणारच असाल तर मधुमेह, मिरगी, गरोदरपण, आधीचं कमी वजन असलेल्यांना बसवू नका. दिवसातून दोनदा नाडी, रक्तदाब, साखर आणि वजन वहीत लिहा, वेळेसकट. शासकीय डॉक्टर तपासायला येतात तेव्हा त्यांच्या नोंदीचा फोटो घ्या. पाणी दिवसाला दोन ते तीन लिटर, घोटघोट, त्यात थोडं मीठ. एप्रिल-मेमध्ये सीबीएसच्या डांबरावर दुपारी १२ ते ४ सावलीशिवाय बसणं उपोषणापेक्षा धोक्याचं. उठताना चक्कर येणं, उलट्या, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं की वाट न बघता जिल्हा रुग्णालय गाठा.

पाच दिवसांच्या वर गेलेलं उपोषण फळांचा रस ग्लासभर पाजून फोटोसाठी सोडवतात, ते घातक आहे. इतक्या उपाशी शरीरात एकदम साखर गेली की रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दोन घोट, मग रुग्णालय, आणि पुढचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

---

बिऱ्हाड

आदिवासी विकास भवनासमोर मुक्कामी आंदोलनं होतात, त्याचा तपशील. २०० जणांच्या एका जेवणाच्या खिचडीला १४ किलो तांदूळ आणि ५ किलो मूगडाळ पुरते. चूल किंवा सिलिंडर रस्त्यावर पेटवू नका. पोलिसांना मंडप काढायला तेवढं एक कारण पुरतं, आणि कापडाखाली आग हा खरा धोकाही आहे. दुसरीकडे शिजवून झाकलेल्या पातेल्यांतून आणा. मंडपाची परवानगी महापालिकेच्या सहापैकी त्या भागाच्या विभागीय कार्यालयातून, पोलिसांची वेगळी.

जुलैत बसणार असाल तर ताडपत्री वर एक आणि खाली एक, खालची विटांवर उचललेली. मुली मुक्कामाला असतील तर स्वच्छतागृह पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पक्कं करा, रात्री आठला शोधाशोध नको. महापालिकेकडे फिरत्या शौचालयाची लेखी मागणी करा. मिळालं नाही तरी तो कागद कामाला येतो. ठिय्या मोडतो तो बहुतेक वेळा लाठीने नाही, तर तिसऱ्या दिवशी मुली घरी परतल्या की मोडतो.

---

गोदाकाठ

खूप उपयोगी झालं. निवेदनाचं राहिलं होतं, ते लिहितो.

एक पान. मागण्या तीन, फार तर चार. प्रत्येकीसमोर शासन निर्णयाची तारीख आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचं ते. साहेब त्या दिवशी जागेवर आहेत का हे स्वीय सहायकांकडे दोन दिवस आधी विचारा. महिन्याचा पहिला सोमवार जिल्हास्तरीय लोकशाही दिनाचा असतो, त्या दिवशी कार्यालय आधीच भरलेलं असतं. शिष्टमंडळात बोलणारे दोनच, तिसऱ्याने लिहून घ्यायचं. 'बघतो', 'वर कळवतो' याला आश्वासन समजू नका. विचारायचं इतकंच: कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाने? जे उत्तर मिळेल ते बाहेर आल्यावर जमावासमोर वाचून दाखवा आणि त्याच संध्याकाळी 'आज झालेल्या चर्चेत आपण पुढीलप्रमाणे सांगितले' असं पत्र आवकला लावा. अकराव्या दिवशी स्मरणपत्र, तिसाव्या दिवशी माहिती अधिकारात फाईलवरच्या टिपणीची प्रत.

मार्गाचा चौकवार नकाशा कोणी काढत असेल तर भालेकर मैदान ते जिल्हाधिकारी कार्यालय आणि गोल्फ क्लब ते गडकरी चौक असे दोन्ही काढा. पाणी भरायच्या जागा, सावलीची झाडं आणि रुग्णवाहिका आडवी काढता येईल असे बोळ त्यात दाखवा. परीक्षांच्या तारखा आल्या की इथे टाकेन, त्या दिवशी शाळांसमोरचा कुठलाच मार्ग धरायचा नाही.